तीनचाकी मोटरसायकलवर मध्येच लागणारे आणि मध्येच विझणारे वॉर्निंग दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या गाड्या समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत: २००६ साली आलेली पियाजिओ एमपी३, २००७ मध्ये दाखल झालेली कॅन-अ‍ॅम स्पायडर, यामाहाच्या ट्रायसिटी आणि नायकन, आणि त्यांच्यासारख्या इतर. मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकलाही यातला बराचसा भाग लागू पडतो. कायमचा बिघाड शोधणं तुलनेनं सोपं असतं. येऊन-जाऊन असणारा बिघाड माणसाला थकवतो, आणि थकलेला माणूस एकामागून एक सुटे भाग बदलत जातो. ते टाळता यावं, एवढ्यासाठी हे सगळं.

दिवा लागला होता. किल्ली बंद करून पुन्हा लावली, तर गेला. आता काळजी सोडू का?

नाही. किल्ली लावली की प्रत्येक कंट्रोलर, म्हणजे एकेक यंत्रणा चालवणारा छोटा संगणक, आधी स्वतःची तपासणी करतो. त्या क्षणी वायर जोडलेली असेल, व्होल्टेज पुरेसं असेल, तर त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं आणि दिवा विझतो. शिवाय काही तपासण्या गाडी उभी असताना होतच नाहीत. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर नीट काम करतोय की नाही, हे चाक फिरल्याशिवाय कळणार कसं? म्हणून तर बऱ्याच गाड्यांवर एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा किल्ली लावल्यावर लागलेलाच राहतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. ते बरोबरच आहे, तो बिघाड नाही.

दिवा विझला तरी कोड, म्हणजे कंट्रोलरनं केलेली बिघाडाची नोंद, बहुतेक वेळा मेमरीत राहतो. सध्या चालू असलेले कोड आणि होऊन गेलेले कोड वेगवेगळे साठवले जातात. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात कामाचे असतात ते होऊन गेलेले. मात्र अनेक गाड्यांमध्ये बिघाडाशिवाय बऱ्याच वेळा गाडी चालली की जुना कोड आपोआप पुसला जातो. त्यामुळे कोड वाचायला फार उशीर करू नका.

कोणता दिवा लागल्यावर गाडी तिथेच थांबवायची?

लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून थांबा. ब्रेकचा दिवा, ऑइल प्रेशरचा दिवा, इंजिन तापल्याचा दिवा, यांत वाट पाहण्यासारखं काही नसतं. चार्जिंगचा लाल दिवा लागला असेल तर उरलेल्या बॅटरीवर गाडी थोडं अंतर कापेल, पण पॉवर स्टीअरिंगची गाडी असेल तर त्या भरवशावर राहू नका.

पिवळा दिवा म्हणजे एखादी यंत्रणा मर्यादित झाली आहे किंवा बंद पडली आहे. एबीएसचा पिवळा दिवा लागला तरी साधा ब्रेक लागतो, पण चाक लॉक होऊ शकतं. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा) बंद पडलं तर स्पायडरसारख्या, वळताना न झुकणाऱ्या तीनचाकीनं जोरात वळण घेणं खरोखर धोक्याचं असतं, कारण आतलं पुढचं चाक उचललं जाऊ लागलं तर त्याला आवर घालणारं दुसरं काही उरत नाही. अशा वेळी वेग कमी ठेवा, वळणं सावकाश घ्या आणि सरळ घर गाठा. इंजिनाची ताकद एकदम कमी झाली असेल तर कंट्रोलरनं मुद्दामच गाडी बचावाच्या मोडमध्ये नेलेली असते. थ्रॉटल पिळून त्यातून बाहेर पडता येत नाही.

साध्या दुचाकीपेक्षा तीनचाकीला हा त्रास जास्त का होतो?

तीन कारणं आहेत. पहिलं, सेन्सर जास्त. स्पायडरसारख्या गाडीत तीन चाकांचे वेगाचे सेन्सर असतात. त्याशिवाय हँडलचा कोन मोजणारा, गाडी स्वतःभोवती किती वळते आहे ते पाहणारा आणि आडवा जोर मोजणारा असे वेगळे सेन्सर असतात. यातला एकजण गप्प झाला तरी स्टॅबिलिटीचं गणित अडतं. दुसरं, करंटची भूक. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर क्षणभर भरपूर करंट ओढते, आणि तेही बहुतेक वेळा गाडी हळू चालत असताना, म्हणजे चार्जिंग सगळ्यात कमी असताना. तिसरं, पुढच्या दोन चाकांकडे जाणाऱ्या वायरी. हँडल वळलं, सस्पेन्शन वरखाली झालं, गाडी झुकली, की त्या प्रत्येक वेळी वाकतात. झुकणाऱ्या गाड्यांत हे सगळ्यात जास्त. वायरीचं वरचं प्लास्टिक धडधाकट दिसतं आणि आतला तांब्याचा एकेक तंतू तुटत जातो.

एकदम तीन-चार दिवे लागतात आणि थोड्या वेळानं सगळे जातात. एवढे भाग एकाच वेळी बिघडले का?

जवळजवळ कधीच नाही. एबीएस, स्टॅबिलिटी आणि स्टीअरिंगचे दिवे एकाच क्षणी लागले तर या तिघांना समान काय आहे ते शोधा. समान म्हणजे बॅटरी, मुख्य फ्यूज, एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच), इग्निशन स्विच, अर्थची (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीची) जागा किंवा कंट्रोलरना एकमेकांशी जोडणारी वायरजोडी. वायरिंगचा नकाशा मिळाला तर तो उलगडून बसा. तीन यंत्रणांच्या वायरी मागे मागे नेत जिथे एकत्र येतात तिथे बोट ठेवा. बिघाड बहुधा त्या बोटाच्या आसपास असतो.

नकाशा नसेल तर क्रम साधा ठेवा: बॅटरीची टोकं, बॅटरी, चार्जिंग, अर्थ, मुख्य फ्यूज. एवढं निस्तरल्याशिवाय सेन्सरला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिलं काम तर पान्याचं आहे. बॅटरीच्या टोकावरचा बोल्ट हातानं हलतोय का पाहा. हलत असेल तर टोक साफ करून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे घट्ट करा आणि मग बाकीचा विचार करा. व्हायब्रेशननं हा बोल्ट सैल होतो. स्टार्टर मारायला पुरेसा स्पर्श होत राहतो, पण खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर सगळ्या कंट्रोलरचा पुरवठा तुटतो.

गाडी एका झटक्यात सुरू होते. मग बॅटरी चांगलीच म्हणायची ना?

तेवढ्यावरून नाही. स्टार्टरची मोटर साधी असते, व्होल्टेज थोडं पडलं तरी फिरते. कंट्रोलर तसा नसतो. त्याला ठरावीक मर्यादेखाली व्होल्टेज दिसलं की तो कोड नोंदवतो किंवा नव्यानं सुरू होतो. म्हणून इंजिन सहज सुरू होणं आणि सुरू होताच स्टीअरिंगचा दिवा लागणं, या दोन्ही गोष्टी एकाच अशक्त बॅटरीमुळे होऊ शकतात.

मोजायचं असं. गाडी काही तास बंद राहू द्या. ताज्या चार्जिंगचा वरवरचा फुगवटा उतरला पाहिजे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. चांगली भरलेली एजीएम (शिसे-अ‍ॅसिडचा सीलबंद प्रकार) बॅटरी १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश भरलेली. १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग मीटर तसाच ठेवून स्टार्टर मारा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही जात असेल तर बॅटरीवर किंवा तिच्या जाड केबलवर संशय घ्या. सगळ्यात खोल खड्डा स्टार्टर फिरू लागतो त्या पहिल्या क्षणी पडतो, आणि साधा मीटर तो पकडण्याइतका चपळ नसतो. मीटरला किमान-कमाल नोंदवायची सोय असेल तर ती वापरा.

बॅटरी नवीन आहे एवढ्यानं ती सुटत नाही. दुकानात महिनोन् महिने चार्जिंगशिवाय पडून राहिलेली बॅटरी नवीच असते, पण तिच्या प्लेटवर सल्फेट बसलेलं असतं. बसवण्याआधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या.

लिथियम बॅटरी टाकल्यापासून असं होतंय. संबंध असेल का?

असू शकतो. मोटरसायकलमधली नेहमीची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शांत असताना १३.२ ते १३.३ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे वर दिलेले आकडे तिला लावू नका. तिच्या आत संरक्षणाचं सर्किट असेल तर व्होल्टेज जास्त झालं किंवा थंडी फार पडली तर ते बॅटरीचा पुरवठाच तोडून टाकतं. तेव्हा एखादा दिवा लागत नाही, सगळाच डॅशबोर्ड अंधारतो. गाडीच्या कंपनीनं लिथियमला मान्यता दिली आहे का ते आधी पाहा. शोध घेईपर्यंत मूळ प्रकारची बॅटरी टाकून पाहणं हा सगळ्यात स्वच्छ पुरावा.

चार्जिंग ठीक आहे की नाही, हे घरी कसं पाहायचं?

इंजिन गरम करून साधारण ३,००० ते ४,००० आरपीएमवर नेऊन बॅटरीच्या टोकांवर मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान आकडा हवा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला आहे, आणि गाडी तशीच चालवली तर महागाचे कंट्रोलरही जातील. आता इंजिन आयडलवर आणा, फॉग लाइट, गरम होणारे ग्रिप, जे जे असेल ते चालू करा आणि हँडल उभ्या उभ्या दोन्हीकडे वळवा. आकडा १२.५ च्या खाली घसरत असेल तर गर्दीत गाडी बॅटरीतूनच खात राहते आणि काही वेळानं स्टीअरिंगचा दिवा लागतो. फक्त गर्दीत लागणाऱ्या दिव्याचं मूळ अनेकदा इथे निघतं.

आणखी एक चाचणी लोक विसरतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रेग्युलेटर-रेक्टिफायरमधला एखादा डायोड गळत असण्याची शक्यता मोठी. त्या लहरींमुळे सेन्सरचे सिग्नल गढूळ होतात. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी बॅटरीच्या साध्या डीसीलाही मोठा आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून पाहा, आकडा शून्याजवळ हवा.

सगळे जण म्हणतात अर्थ तपास. म्हणजे नेमकं काय करायचं?

ओहममध्ये मोजून थांबू नका, एवढं आधी लक्षात घ्या. रेझिस्टन्स मोजताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. केबलचा एकच तंतू उरला असेल तरी त्याला रस्ता मोकळा दिसतो. अर्थ तपासायचा तो त्यातून खरा करंट वाहत असताना.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, प्रत्यक्ष बॅटरीच्या शिशावर. दुसरा प्रोब इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा कमी हवा. मग दुसरा प्रोब चॅसिसवर धरा, त्यानंतर पॉवर स्टीअरिंगच्या अर्थ बोल्टवर, आणि मदतनीसाला हँडल वळवायला सांगा. जिथे आकडा उडी मारतो, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही हीच रीत: बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, स्टार्टर फिरत असताना, ०.५ व्होल्टच्या आत.

एवढ्याशा आकड्याला इतकं महत्त्व कशाला, तर हिशोब करून पाहा. गंजलेल्या अर्थचा रेझिस्टन्स फक्त ०.०५ ओहम आहे आणि त्यातून २० अँपिअर जात आहेत. तिथे १ व्होल्ट गळतो. शिवाय २० वॉट उष्णता तयार होते, बोल्ट तापतो, आणखी सैल होतो, आणि रेझिस्टन्स अजून वाढतो. गाडी थंड असताना दिवा नाही आणि अर्ध्या तासानं दिवा, या तक्रारीमागे कित्येकदा हेच चक्र असतं.

अर्थ साफ करताना बोल्ट पूर्ण काढा. लगच्या खालचा रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करा, बोल्ट घट्ट करा आणि मग वरून गंजरोधक लावा. नुसतं वरून स्प्रे मारून उपयोग नाही.

दिवा कधी लागेल याचा नेम नाही. मेकॅनिकसमोर तर कधीच लागत नाही. काय करू?

नोंद ठेवा. हा सल्ला साधा वाटतो म्हणून लोक टाळतात, पण येणाऱ्या-जाणाऱ्या दोषावर यापेक्षा धारदार हत्यार नाही. दोष लहरी दिसतो, पण तो कशाच्या तरी सोबतीनं येत असतो. ती सोबत ओळखली की अर्धं काम झालं.

दिवा लागला की थांबून फोनवर लिहा, किंवा बोलून रेकॉर्ड करा. कोणता दिवा, कोणत्या क्रमानं. इंजिन थंड की गरम. वेग किती. सरळ जात होता की वळत होता, आणि कोणत्या बाजूला. ब्रेक दाबलेला होता का. खड्डा आला होता का. पाऊस, धुकं, नुकतीच धुतलेली गाडी. कोणकोणत्या जोडलेल्या वस्तू चालू होत्या. मागे कुणी बसलं होतं का. डॅशबोर्डचा फोटो काढा, त्यात तापमान आणि व्होल्टेज दिसत असेल तर उत्तमच.

अशा काही नोंदी झाल्या की त्या एकाखाली एक ठेवून वाचा. गरम झाल्यावरच लागत असेल तर सैल टर्मिनल, तापणारा रिले किंवा कंट्रोलरच्या आतला सुटलेला सांधा. खड्ड्यातच लागत असेल तर बॅटरीचं टोक, फ्यूजबॉक्स, घासलेली वायर. एकाच बाजूच्या वळणावर लागत असेल तर हँडलजवळची किंवा चाकाकडची वायरिंग. ब्रेक दाबल्यावर लागत असेल तर पेडलचा स्विच. सुरू करताक्षणी लागत असेल तर पुन्हा बॅटरीकडे.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं. सेन्सर बदलून टाकू?

थांबा. त्या सर्किटवर अपेक्षित सिग्नल आला नाही, कोड एवढंच सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, कनेक्टर आहे, वायर आहे, पुरवठा आहे, अर्थ आहे आणि कंट्रोलरची पिनही आहे.

कोडच्या पहिल्या अक्षरावरून दिशा कळते. पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडीवरच्या गोष्टी, यू म्हणजे कंट्रोलरमधला संवाद. एकाच वेळी असंबद्ध सेन्सरचे कोड आले असतील तर ५ व्होल्टच्या समान पुरवठ्याचा विचार करा. इंजिनवरचे अनेक सेन्सर कंट्रोलरकडून मिळणाऱ्या एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्यातल्या एका सेन्सरची वायर घासून चॅसिसला टेकली की लाइनच खाली बसते आणि निर्दोष सेन्सरही आरोपी ठरतात. अशा वेळी एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, त्याच्याच फांदीवर दोष आहे.

चाकाच्या सेन्सरचा कोड असेल तर डावा आणि उजवा सारखे आहेत का पाहा. असतील तर अदलाबदल करा. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर बदला. जागेवरच राहिला तर वायरिंग शोधा.

फक्त वळणावर स्टॅबिलिटीचा दिवा लागतो.

इथे विद्युत बिघाडाच्या आधी टायर पाहा. कंट्रोलर तिन्ही चाकांच्या वेगाची तुलना करत असतो. एका पुढच्या टायरात हवा कमी असेल, किंवा एक नवा आणि दुसरा झिजलेला असेल, किंवा मागे मूळ मापापेक्षा वेगळा टायर टाकला असेल, तर चाकांचे आकडे जुळत नाहीत. टायर थंड असताना तिन्हींतली हवा पुस्तिकेप्रमाणे भरा, मग पुढे जा.

त्यानंतर पुढच्या चाकांचे बेअरिंग. न झुकणारी गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकावर येतं. त्या चाकाचं बेअरिंग सैल असेल तर सेन्सर आणि दातेरी रिंग यांच्यातलं अंतर बदलतं आणि सिग्नल तुटतो. रिंगवर लोखंडाचा चुरा चिकटला असेल तरी तेच. चाक उचलून हातानं हलवून पाहा, रिंग पुसा, एखादा दात तुटलाय का बघा.

तिसरी शक्यता हँडलच्या कोनाचा सेन्सर. हँडल, टाय रॉड किंवा पुढच्या चाकांची अलाइनमेंट हलवली असेल आणि सेन्सरचा शून्य पुन्हा बसवला नसेल, तर गाडी सरळ जात असताना त्याला ती वळतेय असं वाटतं. कंपनीच्या निदान सॉफ्टवेअरनं शून्य बसवून घ्यावा लागतो.

ब्रेकचा दिवा कधी लागतो, कधी नाही. ब्रेक तर उत्तम लागतो.

आधी ब्रेक ऑइलची पातळी. ती किमान रेषेवर रेंगाळत असेल तर चढावर किंवा ब्रेक मारताना ऑइल हलतं आणि तरंगणारा सेन्सर क्षणभर खाली जातो. लगेच ऑइल ओतू नका, पॅड झिजल्यानंही पातळी उतरते. पॅड पाहा, गळती पाहा, मगच झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा.

पुढचा संशय पेडलच्या स्विचवर. अनेक गाड्यांत त्यात दोन संपर्क असतात, एक दाबल्यावर जुळणारा आणि एक तुटणारा. दोघांची साक्ष जुळली नाही की कंट्रोलर कोड टाकतो. स्विचची जागा थोडी सरकली किंवा चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असली तरी हे घडतं. पार्किंग ब्रेक पूर्ण सुटतोय का, हेही बघून घ्या.

गाडी धुतली किंवा पावसात नेली की हमखास दिवे लागतात, वाळली की जातात.

कुठला तरी कनेक्टर पाणी घेतोय. हाय प्रेशरनं धुणं ताबडतोब बंद करा. रबरी सील पावसासाठी असतात, त्या फवाऱ्यासाठी नाहीत. पाणी शिरल्याची जागा शोधायला साध्या स्प्रेच्या बाटलीनं थोडं थोडं पाणी मारा. खालून सुरुवात करून वर जा, म्हणजे ओघळ फसवणार नाही. प्रत्येक भागानंतर काही मिनिटं थांबा. आणि लक्षात ठेवा, सालपट गेलेल्या जागेतून आत शिरलेलं पाणी तंतूंच्या फटींतून बरंच लांबच्या कनेक्टरपर्यंत पोचतं. हिरवट गंज दिसला ती जागा शेवट असू शकते, सुरुवात दुसरीकडे.

कनेक्टर साफ करायची योग्य पद्धत कोणती?

किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली. लॉक दाबून कनेक्टर ओढा, वायर धरून कधीही नाही. आत बघा: हिरवं, काळं, वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन. इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर लावू नका. टर्मिनलवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि पुढच्या वेळी गंज लवकर येतो.

काही वेळा आत सगळं स्वच्छ दिसतं आणि तरी संपर्क खराब असतो. सतत व्हायब्रेशन होत राहिलं की पिन आणि तिचं घर एकमेकांवर केसाएवढं घासतात आणि मुलाम्याचा बारीक ऑक्साइड चुरा मध्ये साचतो. नुसता कनेक्टर काढून पुन्हा लावला की चुरा सरकतो आणि दोष काही दिवस गायब होतो. यामुळेच सेन्सर बदलल्यावर दोष गेला असं वाटतं आणि पुढे तोच दिवा परत लागतो. मादी टर्मिनलची पकड सैल झाली आहे का ते तपासा. त्याच मापाची सुटी पिन आत घालून ओढा, हलकीशी अडखळली पाहिजे. नुसती सरकत असेल तर टर्मिनल बदला. जाड टाचणी किंवा मीटरचा प्रोब पुढून खुपसला की ही पकड बिघडते, म्हणून मोजायचं ते मागच्या बाजूनं, बारीक प्रोब वापरून. वायरीच्या सालीत सुई टोचू नका. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस सीलला लावा, कनेक्टर त्यानं भरून टाकू नका.

वायर आतून तुटली असेल तर ती सापडते कशी?

गाडी मोकळ्या हवेत, पार्किंग ब्रेक लावून उभी करा. स्कॅनरवर (कंट्रोलरमधले कोड आणि आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) त्या सेन्सरचा चालू आकडा समोर ठेवा. मग वायरिंग हातभर अंतरानं नाही, बोटभर अंतरानं हलवत जा. स्टीअरिंगचा दांडा, सस्पेन्शनचे हात, सीटखालचा वळसा आणि केबल टायनं करकचून आवळलेल्या जागा आधी घ्या. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आकडा उडाला की तिथेच थांबा आणि पुन्हा तीच हालचाल करून खात्री करा. गरम झाल्यावरच दोष येत असेल तर केस वाळवायच्या ड्रायरनं एकेक भाग तापवून पाहा. तुटलेल्या जागी योग्य मापाचा क्रिम्प (दाबून बसवायचा जोड) आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरा. सतत वाकणाऱ्या जागेत मात्र जोड नकोच, तिथला तुकडा लांबून बदला.

यू-कोड आले आहेत, म्हणजे कंट्रोलर गेला?

बहुतेक वेळा नाही. कंट्रोलर एकमेकांशी कॅन या पद्धतीनं बोलतात. बॉशनं ती १९८६ मध्ये मांडली. पीळ घातलेल्या दोन वायरी आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. बॅटरीची जोडणी काढून त्या दोन वायरींमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ६० असूनही यू-कोड येत असतील तर ज्या कंट्रोलरचं नाव येतं त्याचा पुरवठा आणि अर्थ तपासा. व्होल्टेज पडल्यामुळे तो क्षणभर झोपला आणि बाकीच्यांनी त्याची अनुपस्थिती नोंदवली, एवढंच घडलेलं असतं.

मी जास्तीचे लाइट, चार्जर आणि ट्रेलरची वायरिंग जोडली आहे.

मग आधी ते सगळं काढा. वायरी कापायची गरज नाही, पुरवठा तोडला तरी पुरे. तशीच गाडी काही दिवस चालवा. दिवे थांबले तर एकेक वस्तू परत जोडत जा. हे सगळ्यात कमी खर्चाचं निदान आहे. मूळ वायरीत दात रोवणाऱ्या क्लिपा काढून टाका, त्या तंतू कापतात आणि तिथून पाणी आत जातं. जास्तीच्या लाइटला बॅटरीजवळ स्वतःचा फ्यूज आणि स्वतंत्र रिले हवा. हलक्या दर्जाच्या एलईडी लाइटमधून निघणारा विद्युत गोंगाट सेन्सरच्या वायरींना भोवतो, म्हणून त्यांच्या वायरी एकत्र बांधू नका.

फ्यूज तर सगळे चांगले दिसतात.

दिसणं पुरेसं नाही, केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे सारखं हवं. पाय तांबूस किंवा काळे पडले असतील तर होल्डरची पकड सैल आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका.

झुकणाऱ्या गाडीचं लॉक कधी लागतं, कधी दिवा लुकलुकतो.

थांबलेली गाडी झुकू न देणारं हे लॉक लावणाऱ्या यंत्रणेला करंट लागतो, त्यामुळे पुन्हा बॅटरीपासून सुरुवात. मग लॉकची स्थिती सांगणारे स्विच आणि त्यांचे चिखलानं माखलेले कनेक्टर. दिवा लुकलुकत असेल तर लॉक लागलं असं धरून पाय उचलू नका. गाडी स्टँडवर घ्या.

बॅटरी काढून ठेवली की सगळं रिसेट होतं म्हणतात. करू का?

त्यानं दोष जात नाही, पुरावा मात्र जाऊ शकतो. कोडसोबत त्या क्षणीचा वेग, तापमान, व्होल्टेज अशी माहितीही साठवलेली असू शकते. आधी सगळे कोड वाचा, फोटो काढा. दुसऱ्या कामासाठी बॅटरी काढायचीच असेल तर किल्ली बंद करून थोडं थांबा, निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी जोडा. काही गाड्यांना नंतर हँडलच्या कोनाचा शून्य पुन्हा शिकवावा लागतो.

वर्कशॉपमध्ये गाडी देताना काय सांगावं?

“दिवा लागतो” एवढंच सांगू नका. नोंदी, फोटो, बॅटरी आणि चार्जिंगचे मोजलेले आकडे, आणि गेल्या काही महिन्यांत गाडीवर झालेली कामं लिहून द्या. टायर बदलणं आणि अलाइनमेंटही त्यात हवं. कोड वाचण्याआधी पुसू नका, अशी स्पष्ट विनंती करा. आणि सुटा भाग बदलायचा प्रस्ताव आला तर तो भागच खराब आहे हे कोणत्या मोजमापावरून ठरलं, ते विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही.

दुरुस्तीनंतर दोष खरंच गेला, हे कसं समजायचं?

कोड पुसा आणि नोंदीत जी परिस्थिती होती तीच पुन्हा तयार करा. गरम झाल्यावर लागायचा तर गरम होईपर्यंत चालवा, पावसात लागायचा तर पाण्याची चाचणी करा. दिवा नाही लागला तरी परत आल्यावर मेमरी वाचा. क्षणभराचा व्यत्यय दिवा न लावताही नोंदला जाऊ शकतो. जुना कोड परत आला तर शोध पुढे न्या. नवाच कोड आला तर काम करताना हलवलेले कनेक्टर लॉक होईपर्यंत बसले आहेत का, ते आधी दाबून पाहा.